घरच्यांसाठी हिवाळी बातम्या

कुलपावर कोळ्याने जाळं विणलं होतं. केंद्रप्रमुख रत्नपालने आधी त्याचा फोटो घेतला, मग कुलूप दोनदा ओढून पाहिलं. बुधवार, सकाळचे साडेदहा. तांड्याच्या शाळेत आता पहिला तास सुरू असायला हवा होता.

पायरीवर नानीबाई बसली होती. शाळेची खिचडी तीच शिजवायची. साहेबाला पाहून ती सरकली नाही.

"चावी द्या, मावशी."

"कायला?"

"लेकरं मोजायचीत."

"भाईर कुलूप हाये. आतमंदी लेकरं कशी राहतील, साहेब?"

एरवी त्याला हसू आलं असतं. पण बॅगेत कमी पटाच्या शाळांची यादी होती. या शाळेसमोर 'बावीस' लिहिलेलं होतं आणि पुढे शेरा : प्रत्यक्ष पाहून कळवावे. एकही मूल दिसलं नाही तर जानेवारीपासून शाळा बंद, मुलांची नावं चार किलोमीटरवरच्या शाळेत. गेल्या हिवाळ्यात त्याने असे दोन अहवाल दिले होते. दोन्ही ठिकाणच्या मुली पुढे शाळेत गेल्याच नाहीत, हेही त्याला माहीत होतं.

दारावर चार कागद चिकटवलेले होते, दर शनिवारचा एक. शाळेच्या मधुवंती मॅडमचं सुबक अक्षर, मोबाइलवरच्या फोटोतून छापलेलं.

"हे कोण लावतं?"

"आमच्या तांड्याचा म्हातारा हिरासिंग. कनेरगाव नाक्याहून छापून आणतो. मंग वाचून दाखवतो समद्यायला."

रत्नपालने लाल पेन काढलं.

'आधी शेकोटी, मग पाढे. नदीवरून वारा येतो, दात वाजतात.' तांड्याच्या आसपास नदी नव्हती. त्याने 'नदी'खाली रेघ ओढली.

'सेवाच्या आईने वर्गात येऊन गाणं शिकवलं.' सेवाचं घर तो आत्ताच ओलांडून आला होता. दाराला काटेरी फांद्या लावलेल्या होत्या. दिवाळी होताच म्हातारी माणसं सोडून सगळा तांडा ऊस तोडायला गेला होता. दुसरी रेघ.

'पूजाने सकाळी एकशे चाळीस बैल मोजले. जोड्या किती, ते सगळ्यांनी काढलं.' अख्ख्या तांड्यात आता दहा बैल निघाले नसते. तिसरी रेघ.

प्रत्येक कागदाच्या शेवटी एकच ओळ होती : 'बावीसपैकी बावीस हजर.'

"मॅडम कुठंयत?"

"लेकराजवळ."

"रजेचा अर्ज नाही त्यांचा."

"रजेवर न्हाईतच त्या. कायचा अर्ज?"

"मावशी, मी काही कालचा आलेलो नाही. पोरं मायबापामागं गेली. मॅडम हिंगोलीत घरी बसून मनाच्या बातम्या लिहितात. बरोबर?"

नानीबाईने बांगड्या कोपरापर्यंत मागे सारल्या. "अर्धं बराबर हाये."

कुठलं अर्धं, ते त्याने विचारलं नाही. खोटं बोलणारी माणसं शेवटी अर्ध्यावर येतात, हा त्याचा अनुभव होता. त्याने खिडकीच्या फटीतून आत पाहिलं. बाकं भिंतीला लावलेली होती. फळा असायचा तिथे भिंतीवर नुसता चौकोनी डाग होता.

"फळासुद्धा विकून खाल्ला का?"

"तोंड सांभाळून, साहेब. त्या पोरीनं तांड्यासाठी काय केलं, तुमाला ठाव न्हाई."

"मग सांगा ना."

सांगू की नको, असं काहीसं तिच्या तोंडावर येऊन गेलं. "सांगितलं तर तिच्या नोकरीला तकलीफ व्हईल," ती म्हणाली.

"ती आता होणारच आहे."

त्याने मांडीवर कागद ठेवून अहवाल लिहिला आणि पेन तिच्यापुढे धरलं. "साक्षीदार म्हणून सही करा."

"आधी वाचा. मोठ्यानं."

"शाळा बंद आढळली. विद्यार्थी शून्य. शिक्षिका विनापरवानगी गैरहजर."

"न्हाई करत."

"तुमच्या सहीवाचूनही शाळा बंद होईल."

"माझ्या पोरीचं पोरगं हाये या शाळंत. तांड्यातली पोरं आजवर उसाच्या फडावर गेली की कोयताच शिकायची. यंदा पयल्यांदा शाळा चुकली न्हाई कोण्या लेकराची. अन् तुमी शून्य लिवता काहून? पेन ठिवा ते."

"मावशी, मलाही यात आनंद नाही. पण पालकांना अशी खोटी पत्रं पाठवायची, हे—"

"कोण्या पालकाला?"

"वरच लिहिलंय की. 'घरच्यांसाठी हिवाळी बातम्या'. पालक लांब फडावर. त्यांना वाटावं, इथं शाळा रोज भरते."

नानीबाई पहिल्यांदाच पायरीवरून उठली. रत्नपालपेक्षा ती वीतभर उंच निघाली.

"साहेब, दर घराचं बंद दार बघत आले ना तुमी? मंग सांगा, घरी कोण हाये?"

"कोणी नाही. तुम्ही म्हातारी माणसं तेवढी."

"मंग पत्र कोणाला लिवलंय?"

रत्नपालने दाराकडे पाहिलं. लाल रेघांवरून त्याची नजर पुन्हा वरपासून खाली गेली. नदी. सेवाची आई. एकशे चाळीस बैल.

"शून्य खोडा आधी," नानीबाई म्हणाली. "मायबाप कारखान्याच्या फडावर, लेकरं मायबापाजवळ, अन् तुमची मॅडम दिवाळीपासून तिथंच, त्यायच्या पाचटाच्या कोप्यांमंदी फळा टांगून बसली हाये."