चौघांचं काम

लष्करी शिस्त रक्तातच असावी लागते, असं जनरल मैदानावर जमलेल्या सात-आठ लोकांना सांगत होते. त्यांच्या स्वतःच्या रक्तात साखर होती आणि तेहतीस वर्षांची नोकरी पाणीपट्टीच्या खिडकीमागे झाली होती. ‘जनरल’ ही पदवी शेजाऱ्यांनी चेष्टेनं दिलेली. त्यांनी ती मनावर घेतली, एवढंच.

गाडी मात्र खरोखर लष्कराची होती. तीन चाकं, नळ्यांचा सांगाडा, चार सैनिक ओळीनं बसतील असं एक बाक. विमानातून छत्रीनं खाली सोडायची, म्हणून मुद्दाम हलकी केलेली. देशात अशा सहाच उरल्या होत्या. ही सहावी जनरलना एका रोपवाटिकेत सापडली. तिच्यावर कुंड्या मांडलेल्या होत्या.

त्यानंतर अकरा वर्षं गेली. रंगाचे सात थर त्यांनी दाढीच्या पात्यानं खरवडले आणि खालचा मूळ हिरवा शोधून काढला. तसाच हिरवा रंगवाल्याकडून चौदा वेळा मिसळून घेतला. पंधराव्या वेळी रंगवाला शटर ओढून जेवायला निघून गेला. वजन ग्रॅमभरही वाढू नये म्हणून एकेक बोल्ट स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलला. बाकाचं कॅनव्हास बायकोनं घरच्या मशीनवर शिवलं, सहा सुया मोडून. “दोऱ्याचं वजन धरलंत ना?” तिनं विचारलं. ती टोमणा मारतेय हे त्यांच्या लक्षात आलं नाही. त्यांनी वजन सांगितलं.

हा सगळा खटाटोप एका वाक्यासाठी होता. गाडीच्या मूळ पुस्तकात बाराव्या पानावर लिहिलं होतं : ‘चार सैनिक ही गाडी उचलून साठ सेकंदांत विमानात चढवू शकतात.’ वेग, चढ, वळण, पुस्तकातलं बाकी सगळं जनरलनी पडताळून पाहिलं होतं. राहिलं होतं हे एकच, कारण चार माणसं जमत नव्हती. मेहुण्याची कंबर, शेजाऱ्याचा हर्निया, जावयाची मीटिंग. गाडीचं काम करणारा मिस्त्री म्हणाला, “मी आणि तुम्ही धरून दोन झाले, साहेब.”

“चौघं एकदाच येतात हो उचलायला,” बायको म्हणाली होती, “आणि तेव्हा घड्याळ लावायला तुम्ही नसाल.”

आज जुन्या वाहनांच्या प्रदर्शनात ते वाक्य त्यांनी फलकावर ठळक रंगवून आणलं होतं. सकाळी परीक्षक आले, चष्मा कपाळावर चढवून त्यांनी ते वाचलं आणि ओठ मुडपले. “उचलून दाखवा. नाहीतर बारा वाजता मी पुन्हा येईन तेव्हा हे पुसलेलं असू द्या.”

साडेअकरा झाले होते. जनरलनी येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला विचारलं. लोक गाडीचे फोटो काढत होते आणि पाठीला हात लावून पुढे सरकत होते. बायको बाजूला डबा घेऊन बसली होती. घरून तिनं साखळी आणि कुलूपही आणलं होतं, ते तसंच पिशवीत पडून होतं.

“साडेतीन किलो!” जनरल सकाळीच तिच्यावर खेकसले होते. “गाडीला साखळी बांधली की वजनाची वाट लागली.”

“अहो, पण कुणी नेली म्हणजे?”

“नेणार कशी?” त्यांनी शर्टाचा खिसा थोपटला. इंजिनातला अंगठ्याएवढा रोटर त्यात होता. तो काढला की गाडी सुरूच होत नाही. हेही पुस्तकातच होतं.

अकरा पन्नासला चौघं आले. निळे डगले, हातमोजे, बैलासारखे खांदे.

“काका, ही खरंच चौघांना उचलवते?”

अकरा वर्षांत हा प्रश्न जनरलना कुणी आपणहून विचारला नव्हता. “उचलवते म्हणजे? तुम्ही फक्त हात लावा! पण चढवायला विमान नाही हो आपल्याकडे.”

“आमचा टेम्पो आहे ना तिथं. विमान समजा.”

टेम्पोचं फाळकं आधीपासूनच खाली सोडलेलं होतं. याला म्हणतात शिस्त, असं जनरलना वाटलं. त्यांनी गर्दीला बाजूला सारलं. “अगं, ये लवकर! मिळाले चौघं!” असं ओरडून त्यांनी थांबघड्याळाचं बटण दाबलं.

“पाठ सरळ! जोर गुडघ्यातून!”

गाडी फुलासारखी उचलली गेली. लोक टाळ्या वाजवू लागले. गर्दीच्या मागून परीक्षक टाचा उंचावून बघत होते. गाडी आत गेली, फाळकं वर झालं, कडी लागली. जनरलनी पुन्हा बटण दाबलं आणि दोन्ही हात आकाशाकडे उंचावले.

परीक्षकांनी फलकाजवळ येऊन वहीत खूण केली. “सिद्ध,” ते म्हणाले. “अभिनंदन.”

तोवर चौघंही टेम्पोत चढले होते. टेम्पो हलला. मागून एक हातमोजा हलला. जनरलनी कडक सलाम ठोकला.

“अहो, हे होते कोण?” बायकोनं विचारलं.

टेम्पो फाटकाबाहेर वळला.

“जातायत कुठं?” जनरल म्हणाले आणि त्यांनी खिसा थोपटला. “रोटर माझ्याकडे आहे.” मग त्यांचा हात खिशावर तसाच राहिला.

पोलीस चौकीत हवालदार फॉर्म भरत होता. गाडीला कुलूप होतं का? नव्हतं. चोर किती? चार. ढकलत नेली? उचलून. त्यांना कुणी अडवलं? जनरलच्या वतीनं बायकोनं सांगितलं, की वाट करून दिली.

“बरं, सगळं किती वेळात झालं? अंदाजे सांगा.”

जनरलनी खिशातून घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. अंदाजाची गरज नव्हती. चव्वेचाळीस सेकंद.