कुंडीतलं रबराचं झाड

कारखान्याच्या सभागृहातलं ते भलंमोठं चित्र वेनियामिन लुकिचनं रंगवलेलं. लांब टेबलामागे सगळे मोठे साहेब आणि टोकाला इंजिनिअर सावेली. गेल्या आठवड्यात सावेलीला पोलिसांनी घरून उचललं आणि पक्षाच्या समितीचा निरोप आला, मे दिनाच्या आत तो चित्रातूनही गेला पाहिजे. वेनियामिननं त्याच्या जागी कुंडीतलं रबराचं झाड रंगवलं.

दुसऱ्या दिवशी तो ब्रश धूत असताना सावेलीची बायको राइसा चित्रापुढे येऊन उभी राहिली.

"पानं छान काढलीत," ती म्हणाली. "आमच्याकडचा चहा ज्या हातानं घ्यायचात, त्याच हातानं?"

दारात पहारेकरी बसला होता. वेनियामिननं मान वर केली नाही.

"झाड काही खास जमलं नाही, राइसा मात्वेयेव्ना. लेनिनग्राडला अकादमीत आमचे मास्तर माझ्या नावानं खडे फोडायचे. म्हणायचे, आळशी लेका, आधी खालचा रंग खरवडून काढावा, मग वर रंगवावं. नुसताच वरून पातळ हात मारलास, तर वीस-पंचवीस वर्षांत वरचा रंग विरतो आणि खालचा चेहरा वर येतो."

"मग?"

"मग काय. माणूस आळशी तो आळशीच. कालही मी खरवडलं नाही."

राइसानं डोक्यावरच्या रुमालाची गाठ सोडून पुन्हा घट्ट बांधली. झाडाकडे ती बराच वेळ बघत राहिली.

"वीस," तिनं विचारलं, "की पंचवीस?"