प्रार्थनेच्या चालीवर

मी पहारा देतो त्या तुरुंगात कैद्यांनी आपसात बोलायचं नाही. म्हणून हे बेटे रविवारी चर्चमध्ये प्रार्थनेच्या चालीवर आपलेच शब्द गाऊन बोलून घेतात.

“तो टोबायस पळायचा बेत शिजवतोय,” हवालदार क्रिम्प मला म्हणाला. “सापडू दे, अंधारकोठडीतच टाकतो!”

एकमेकांची तोंडं दिसू नयेत म्हणून चर्चमध्ये प्रत्येक कैद्याला बसायला फळ्यांचा वेगळा खण. टोबायसच्या खणामागे मी कान टवकारून उभा राहिलो. सगळे देवाला आळवत होते, हा गात होता:

“सांग रे जेम, आईचा आपल्या आला का निरोप काही?”

त्याचा भाऊ जेम गुरुवारीच तापाने गेला होता. टोबायसला कुणी सांगितलं नव्हतं.

क्रिम्पने लांबूनच भुवई उडवली. मी नकारार्थी मान हलवली, जेमच्या रिकाम्या खणापाशी गेलो आणि त्याच चालीत गायलो:

“खुशाल आहे म्हातारी रे, काळजीचं कारण नाही.”