फेस्ताचं वाचन

चारचौघांत बोलायचं म्हटलं की कॉस्मेची जीभ अडखळायची, पण रोज रात्री लेकीला गोष्ट वाचून दाखवताना ती कधी अडली नव्हती. सँड्रीना चादर हनुवटीपर्यंत ओढून डोळे मिटायची आणि त्याचे शब्द ओहोटीच्या पाण्यासारखे सुटायचे. त्याच भरवशावर यंदा त्यानं चर्चच्या वार्षिक सणाला, फेस्ताला, मिस्सेच्या प्रार्थनेत बायबलचं वाचन स्वतःहून मागून घेतलं. "जमतला तुका?" बायकोनं विचारलं. "रोज वाचतंय मा," तो म्हणाला. फेस्ताच्या दिवशी माइकसमोर पहिलाच शब्द घशात अडकला. देवबागच्या चर्चमध्ये फक्त पंखे ऐकू येत होते. पहिल्या बाकावरच्या सँड्रीनानं आईची ओढणी हनुवटीपर्यंत ओढली आणि डोळे मिटले. मग कॉस्मे शेवटच्या ओळीपर्यंत कुठेच थांबला नाही. पुस्तक मिटताना सवयीनं त्यानं हळूच विचारलं, "निजलंस गो?" माइक चालूच होता. मिटल्या डोळ्यांनीच उत्तर आलं, "नाय. आजून एक पान."