ढोलकीचं बटण

हळदीच्या कार्यक्रमांत कीबोर्ड वाजवणाऱ्या प्रीतमच्या बजेटमध्ये सगळ्या वाद्यांचे आवाज भरलेले दोनच वर्कस्टेशन कीबोर्ड बसत होते आणि त्यातला कुठला घ्यावा, यावर तीन महिने त्याचं डोकं फिरलं होतं. शेवटी एका रविवारी तो अंधेरीच्या दुकानात गेला. सोबत बाळा परब होता, पंधरा वर्षं त्याच्या शेजारी बसून ढोलकी वाजवणारा.

पहिला कीबोर्ड बरा होता. दुसऱ्याची सनई गोड, व्हायोलिन त्याहून गोड. मग सेल्समनने एक बटण दाबलं आणि आतून अशी ढोलकी कडाडली की बाळाच्या बोटांनी काउंटरवर आपोआप ठेका धरला.

"हे आम्ही खास भरून देतो, सर," सेल्समन खुशीत म्हणाला. "ढोलकीवाल्याचा खर्च कायमचा वाचला!"

प्रीतमला बाळाकडे बघवेना. शेवटी बाळाच म्हणाला, "ह्योच घे रे. आवाज झकास आसा. माझो इचार करू नको." आणि चहा सांगायच्या निमित्ताने तो बाहेर सटकला.

प्रीतमने कार्ड पुढे केलं.



"हाच द्या," तो हळूच म्हणाला, "फक्त तो यायच्या आत यातली ढोलकी तेवढी पुसून टाका."