सुतळीने बांधलेली गाडी

“पाड भोक,” जिव्या म्हणाला आणि त्याने डोळे मिटून घेतले.

बोईसरच्या नाक्यावरचा कैलास फिटर हसला. भोकं पाडून सगळं पक्कं बसवून घे, म्हणून अकरा वर्षं तो या ड्रायव्हरच्या मागे लागला होता. पण जिव्याचं पालुपद एकच, दुसऱ्याच्या गाडीला भोक पाडायचं नसतं. जीप मेहुलशेठची, मग पत्राही शेठचा. म्हणून पाण्याची बाटली सुतळीने बांधलेली, पंखा सुतळीने, डॅशबोर्डवरची महालक्ष्मीची तसबीरही सुतळीनेच. टपावरचं सामान तर असं आवळलेलं, की तारापूरच्या कारखान्यांत जाणारे कामगार त्या जीपला ‘मोळी’ म्हणायचे. म्हणेनात का! शेठच्या पत्र्याला जिव्याने साधा ओरखडा येऊ दिला नव्हता.

आज गोष्ट वेगळी होती. “पुढच्या दसऱ्याला गाडी तुझी,” असं शेठ गेल्या वर्षी म्हणाला होता. दसरा परवावर आला होता आणि काल शेठने आपणहून सांगितलं, “जा, कैलासकडून टपावर कॅरियर बसवून घे. तुझ्या मनासारखं कर.” त्याच्या बायकोने, कमळीने, भाजीच्या पाट्या कुठे ठेवायच्या तेही ठरवून टाकलं होतं. सकाळी जिव्याने सगळ्या सुतळ्या सोडून खिशात कोंबल्या.

ड्रिल घरघरलं. पत्र्याच्या मागे नट धरायला हात पोचत नव्हता. कैलासने भोकात आटे असलेला रिव्हेट नट घातला आणि रिव्हेट गनचे दांडे दाबले. नट आतल्या आत फुगला आणि पत्रा धरून बसला.

“निघेल काय कधी?” जिव्याने विचारलं.

“पत्रा फाटंल दादा, हा निघायचा नाय.”

जिव्याला ते फार आवडलं. टपावर सहा नट बसले. मग त्याने हट्टाने डॅशबोर्डला दोन बसवून घेतले आणि महालक्ष्मी स्वतःच्या हाताने बोल्टांनी आवळली.

कॅरियर चढवताना कैलासचा फोन वाजला. हात गुंतलेले, म्हणून त्याने स्पीकर लावला. शेठ होता.

“झालं का कॅरियर? सफाळ्याची पार्टी संध्याकाळी गाडी न्यायला येते. कॅरियरशिवाय घेत नव्हती.”

कैलासने चमकून जिव्याकडे पाहिलं. “पण शेठ, गाडी तर जिव्यादादाला...”

“अरे, तसं बोललं की माणूस जीव लावून राबतो,” शेठ हसला आणि त्याने फोन ठेवला.

जिव्या टपाला धरून उभा राहिला. ज्याची गाडी लेकरासारखी जपली, त्यानेच केसाने गळा कापला होता. त्याला रडू येत होतं आणि रडायची लाजही वाटत होती.

“उखडून टाकू सगळं?” कैलास भडकला. “फाटू दे शेठचा पत्रा!”

जिव्याने डॅशबोर्डवरचे दोन बोल्ट सोडले, खिशातली सुतळी काढली आणि तसबीर पुन्हा जुन्या जागी बांधली. फडक्याने लोखंडाचा चुरा पुसून घेतला. मग त्या दोन उघड्या नटांवर बोट ठेवून खालमानेने म्हणाला,

“कॅरियर ऱ्हाऊ दे. ही दोन भोकं चुकून पडली, शेठला सांग. मला वाटलं, गाडी माझी हाय.”