उशीवरचा हात

बायको गेली त्या सकाळी त्याने आधी मास्क उचलला. नळीसकट तो पलंगाखाली पडला होता आणि मशीन बंद होतं. तीन वर्षांत असं कधी झालं नव्हतं. पट्टा तुटला की काय म्हणून त्याने तो खिडकीपाशी नेऊन पाहिला, पुसून जागेवर ठेवला. स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज येत नव्हता. तेव्हा कुठे तो तिच्याकडे वळला. ती त्याच्याच बाजूला तोंड करून निजली होती. एक हात त्याच्या उशीवर होता. हात गार होता.

"झोपेतच गेल्या," डॉक्टर म्हणाले. "पहाटे कधीतरी."

पंधरवड्याने तो मशीन कापडी पिशवीत घालून, जिथून घेतलं होतं त्या दुकानात घेऊन गेला.

तो बस चालवायचा. तीन वर्षांपूर्वी भरली बस सिग्नलला उभी असताना तो स्टिअरिंगवर डोकं टेकून घोरायला लागला. मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवून वाजवून उठवलं. तपासणीत निघालं की झोपेत त्याचा श्वास थांबतो, तासाला तीस-चाळीस वेळा. कंपनीने अट घातली. रोज रात्री निदान चार तास नाकात हवा सोडणाऱ्या मशीनचा मास्क लावायचा, महिन्याच्या महिन्याला मशीनमधली नोंद दाखवायची. नाहीतर बस मिळणार नाही.

पहिला आठवडा त्याने घर डोक्यावर घेतलं. नाकाला कुणी सायकलचा पंप लावलाय असं वाटतं, म्हणाला. जीव घुसमटतो, तोंडाला कोरड पडते, असलं जगण्यापेक्षा घोरत मेलेलं बरं. बायकोने पट्टा सैल करून दिला, नाकाला वळ उठायचा तिथे मऊ कापडाची घडी शिवून लावली. आणि मग एकदम जमलंच. रात्री लावायचा, सकाळी काढायचा. महिन्याच्या नोंदीत सात तासांच्या खाली रात्र नसायची.

त्याच्या डेपोतल्या आणखी एकाला हाच आजार होता. त्याने दोन आठवड्यांत मशीन परत केलं आणि आता तो डेपोच्या गेटवर गाड्यांचे नंबर लिहीत बसायचा. त्याला हा येता-जाता ऐकवायचा, "अरे, मनावर असतं हे. मी एकदा लावला की सकाळीच काढतो. तुझ्यात दमच नाही."

घरी चिडवायला बायको होती. ती हल्ली कुठेही पेंगायची. भाजी निवडताना, बटण लावताना, एकदा तर हातात घास धरून.

"मशीन मला लागलंय आणि डुलक्या तू काढतेस," तो म्हणायचा. "तुझीपण तपासणी करून घेऊ एकदा."

"राहू द्या," ती म्हणायची. "घरात एकाची झोप पुरी झाली म्हणजे झालं."

ती गेल्यापासून रोज सकाळी मास्क जमिनीवर. त्याने पट्टा करकचून आवळला, वरून चिकटपट्टी लावली. गालांवर वळ उठले. मास्क तरी जमिनीवरच.

"ती गेली आणि त्याच रात्री हेही बिघडलं," त्याने दुकानातल्या बाईंना सांगितलं. "उद्या डेपोत नोंद द्यायची आहे. काहीतरी करा."

बाईंनी मशीन चालू करून नळीचं तोंड तळव्यावर धरलं. मग आतलं कार्ड काढून कॉम्प्युटरला लावलं.

"मशीन ठणठणीत आहे, दादा."

"मग मास्क निघतो कसा?"

"तुम्हीच काढता. झोपेत. खूप जण ओढून काढतात, त्यांना पत्ताही नसतो."

"मी त्यातला नाही, मॅडम. मागचं बघा की."

"मागचंच बघतेय." त्यांनी पडदा त्याच्याकडे वळवला. "ही गेल्या वर्षीची एक रात्र. पावणेबाराला निघाला, दोन मिनिटांत परत लागला. साडेबाराला निघाला, मिनिटभरात लागला. एक वाजता, पावणेदोनला, अडीचला. रोज असंच आहे. सहा वेळा, नऊ वेळा. इथे बघा, तुम्हाला सर्दी असेल, तेरा वेळा. इतक्यांदा उठून परत लावता आणि आठवत नाही?"

"मी एकदा झोपलो की…" तो म्हणाला आणि थांबला.

पंख्याने टेबलावरच्या पावत्या फडफडत होत्या.

"त्या रात्रीचं दाखवा," तो म्हणाला. तारीख सांगितली.

त्या रात्री मास्क सहा वेळा निघाला होता. पाच वेळा परत लागला होता. शेवटचा लागला तीन वाजून दहा मिनिटांनी. तीन चाळीसला तो पुन्हा निघाला. त्यापुढे सकाळपर्यंत पडदा कोरा होता.

तो त्या कोऱ्या जागेकडे बघत राहिला. त्याच्या उशीवर आलेला हात तिथेच थांबला होता.

"दादा," बाई हळू आवाजात म्हणाल्या, "या महिन्याचे तास भरत नाहीत. घरात असं झालेलं. मशीन नादुरुस्त होतं असं लिहून देते. नवं बघेपर्यंत थोडे दिवस मिळतील तुम्हाला."

"नको," तो म्हणाला. "मशीन चांगलं होतं. तसंच लिहा."

त्यांनी लिहिलं. त्याने कागद खिशात घातला, नळी गुंडाळून मशीन पिशवीत ठेवलं आणि मास्क वर ठेवताना त्याला ती कापडाची घडी दिसली. बारीक टाके होते. एक टाका मध्येच वाकडा जाऊन पुन्हा सरळ झाला होता, डुलकी आल्यासारखा.

घरात एकाची झोप पुरी झाली होती. तिची राहून गेली.